रंग जुळला म्हणून काय झालं

अगं, दत्तकासाठीचा तुमचा होम स्टडी मंजूर झाला हे ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू! तुझ्या भावोजींनी तर लगेच फ्रीजमधला पेढ्यांचा डबा काढला. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललीस ना, ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसले. तू म्हणालीस, “ताई, आपलं एक बरं आहे. भारतातलंच मूल, दिसायला आपल्यासारखं. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

तिथेच गोम आहे, राणी.

आमच्या एजन्सीच्या प्रशिक्षणाला बहुतेक गोरी जोडपी होती. दत्तकाबद्दलच्या हेग करारातल्या देशातून मूल आणायचं तर इथल्या, अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे निदान १० तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, तुमचंही झालं असेल. त्या बिचाऱ्यांना सतत एकच धसका, की दुकानात लोक विचारतील, शाळेत विचारतील, तेव्हा काय सांगायचं? त्यांना लपवायची सोयच नसते. किराण्याच्या रांगेत उभं राहिलं की सगळ्या जगाला दिसतं. त्यामुळे ती माणसं पहिल्या दिवसापासून बोलायला शिकतात. आपल्याला मात्र ती सोय आहे. मंडळाच्या गणपतीत, नाटकाच्या मध्यंतरात, कुणाच्या मुंजीत कुणी वळूनही बघत नाही. उलट “अगदी आईवर गेलीय गं” म्हणणाऱ्या दोन तरी काकू भेटतात. तिथे आपण गोड हसतो, काही बोलत नाही. मग वाटतं, पोरीलाही आत्ताच कशाला सांगायचं? जरा मोठी होऊ दे, समज येऊ दे. असं करत करत मूल दहा वर्षांचं होतं आणि एखाद्या सुट्टीत पुण्याला चुलत भावंडांत पत्त्यांवरून भांडण लागतं, तेव्हा कुणीतरी बोलून जातं. सगळ्या नातेवाइकांना माहीत, फक्त तिलाच नाही! त्या वयाच्या मुलीला त्याक्षणी काय वाटत असेल, याचा विचार कर.

म्हणून पहिलं सांगणं हे, की ‘दत्तक’ हा शब्द घरात पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वावरू दे. बाळ तान्हं असलं तरी त्याला मांडीवर घेऊन संस्थेचे फोटो दाखव, “इथे तू होतास, मग आम्ही आलो” असं रोजच्या गप्पांसारखं बोल. त्याला कळावं म्हणून तर बोलायचंच, पण त्याहून जास्त तुमच्या दोघांच्या जिभेला सवय व्हावी म्हणून. आणि मूल चार-पाच वर्षांचं आलं, तर सांगायचं म्हणजे काय? त्याला आठवतच असतं. तिथे गप्प बसणं म्हणजे त्याच्या आठवणी खोट्या पाडणं.

पुराणातली उदाहरणं मात्र जपून वापर हं. आपल्याकडे कुणीही उठतं आणि यशोदा-कृष्णाची गोष्ट सांगतं. आमच्या सासरच्या एका मावशींनीही मोठ्या प्रेमाने सांगितली. आमच्या लेकीने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, “मग तो मथुरेला गेला, तो परत आलाच नाही ना?” मावशी गप्प. ‘देवाने तुला आमच्याकडे पाठवलं’ हेही नको. मग जिच्यापासून घेतलं तिच्याशी देव असा का वागला, हा प्रश्न चौथी-पाचवीतलं मूल बरोबर विचारतं.

आता मूल कोणतं येईल ते. तुम्ही दोघंही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड असलेले. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यांना ‘कारा’, म्हणजे भारताचं केंद्रीय दत्तक प्राधिकरण, देशातल्या जोडप्यांच्या बरोबरीने धरते, आपल्याला नाही. लहान, धडधाकट बाळांसाठी भारतातच हजारो आईबाप वर्षानुवर्षं रांगेत आहेत. आपल्यापर्यंत येतात ती बहुतेक जरा मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, किंवा दुभंगलेला ओठ, हृदयाचं दुखणं, कमी ऐकू येणं असं काहीतरी असलेली मुलं. माझ्या मते हा क्रम योग्यच आहे. मुलाला त्याच्याच देशात घर मिळत असेल तर त्याला समुद्रापार नेऊ नये, हेच त्या हेग कराराचं मूळ सांगणं आहे. पण म्हणून तू मनात धरून बसलेलं ते दुपट्यातलं बाळ आता सोडून दे. आणि महाराष्ट्रातलंच मूल मिळेल असंही नाही. ओडिशाचं मिळेल, झारखंडचं मिळेल. त्याला मराठी अजिबात येत नसेल. दिसायला आपल्यासारखं म्हणून ते ‘आपल्यातलं’ होत नाही गं, त्याला आपण तितकेच परके असतो.

आम्हाला मराठवाड्यातल्या एका संस्थेतली लेक मिळाली, साडेचार वर्षांची. “मला लई भूक लागली”, “आमी नाय जाणार” असं ठसकेबाज बोलायची. घरी आलेली प्रत्येक बाई हसून तिची भाषा सुधारायला लागायची. मी मात्र बजावलं, की तिच्या बोलण्याला कुणी हात लावायचा नाही. बरोबर काय आणलं होतं पोरीने? एक फ्रॉक, एक प्लॅस्टिकची बाहुली आणि ती बोली. त्यातलं निम्मं आपण ‘अशुद्ध’ म्हणून काढून घ्यायचं? घरात कुणी बोलत नसेल तर परदेशात आलेलं मूल आपली पहिली भाषा काही महिन्यांत विसरतं. मूल उडिया बोलणारं आलं तर निदान रोजच्या गरजेचे शब्द आधी पाठ करून जा, म्हणजे पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, आई कुठे आहे. आणि तिकडचे कुणी मित्र असतील तर त्यांना आत्ताच धरून ठेव.

संस्थेत जाशील तेव्हा ऑफिसातल्या मॅडमपेक्षा मावशींशी जास्त बोल. बाळाला न्हाऊमाखू घालणारी, रात्री थोपटणारी ती बाई. तिला विचार, की झोपताना कुठल्या कुशीवर झोपतो, भात कालवून खातो की सुटा, रडला की काय केलं म्हणजे थांबतो. हे तुला कुठल्याही अहवालात मिळणार नाही. बालकाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल, हे सगळं नीट वाच, इथल्या दत्तक मुलांचं बघणाऱ्या डॉक्टरांना दाखव, पण ‘मूल खेळकर आहे’ एवढ्या एका ओळीवरून काय कळणार? फोटो काढायला परवानगी असेल तर त्याच्या कॉटचा, अंगणाचा, दाराचा, मावशींबरोबरचा, सगळे काढ. पुढे दहा वर्षांनी हेच फोटो तो तासन्‌तास बघत बसेल. अंगावरचे कपडे आणि पांघरूण लगेच धुऊ नकोस. तो वास त्याच्या घराचा आहे. आपल्याला फिनेलचा वाटला तरी.

आणि मूल निघताना त्या मावशीला मिठी मारून रडलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. उलट मी म्हणेन, बरं झालं. ज्याला एका माणसाचा लळा लागलाय त्याला दुसऱ्याचा लागू शकतो. जे मूल कुणाकडेही हसत जातं, त्याचीच जास्त काळजी घ्यावी लागते.

आमची तशी होती. मंडळाच्या हळदीकुंकवाला साडीतली कुठलीही बाई दिसली की “मावशी” म्हणून तिचा हात धरून निघायची. लोक म्हणायचे, किती लाघवी! सोशल वर्करने आम्हाला आधीच सावध केलं होतं, की याला लाघवी म्हणू नका, तिला अजून ‘माझं माणूस’ कोण ते कळलेलं नाही. त्यावर उपाय एकच आणि तो आपल्या लोकांना अजिबात पटत नाही. पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, कडेवर घेणं, झोपवणं हे फक्त आईबाबांनी करायचं. बाकीच्यांनी लांबून हसायचं, फार तर टाळी द्यायची. आता तूच सांग, आपल्याकडे नव्या मुलाला बघायला पंचवीस माणसं येणार, प्रत्येकीला एक तरी घास भरवायचाय, मांडीवर बसवायचंय. नाही म्हटलं की राग! तुझ्या सासूबाई मूल यायच्या वेळीच सहा महिन्यांसाठी येतायत म्हणालीस, म्हणून मुद्दाम लिहितेय. एक तर त्यांना तीन-चार महिने उशिरा बोलाव, नाहीतर आल्यावर स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात दे आणि मूल तुझ्या. अनुभवी बाई आहेत, मुलाला पटकन शांत करतील, आणि तिथेच घोटाळा होईल. मूल त्यांना चिकटेल, सहा महिन्यांनी त्या विमानात बसतील, आणि त्या पोराच्या आयुष्यातून आणखी एक बाई नाहीशी होईल.

घरी आल्यावरच्या बारीकसारीक गोष्टी ऐक. टबात बसवलं की किंचाळेल. त्याला बादली आणि तांब्या माहीत असतो. टबच्या बाहेर बादली ठेव, तांब्याने अंघोळ घाल, टब पुढे कधीतरी. रात्री वेगळी खोली अजिबात नको, भले इथल्या मैत्रिणी काहीही म्हणोत. हॉलमध्ये वीस मुलांच्या श्वासात झोपलेलं मूल या लाकडी घरांच्या शांततेला घाबरतं. आमच्या लेकीच्या उशीखाली मला पोळीचे तुकडे सापडायचे, कडक झालेले, एकावर एक नीट रचलेले. रागवायचं नाही, काढूनही टाकायचे नाहीत तिच्यादेखत. मी तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवला, त्यात चिवडा, खजूर, केळं. तो कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढं एकच पथ्य. हळूहळू उशीखालचं थांबलं.

डॉक्टरकडे पहिल्याच भेटीत एक गोष्ट न विसरता करून घे. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात. इथल्या डे-केअरमधल्या बाईला ते मारल्याचे वळ वाटू शकतात, आणि संशय आला तर कळवणं तिला कायद्याने भाग असतं. डाग जन्माचे आहेत अशी नोंद डॉक्टरांकडून लिहून घे. बाकी क्षयरोगाची, कावीळ बी ची, रक्तातल्या शिशाची, जंतांची तपासणी इथे पुन्हा करून घेतात, तिकडचा रिपोर्ट असला तरी. “घराण्यात कुणाला मधुमेह?” असं फॉर्मवर दरवेळी विचारतील. तिथे आपल्या घराण्याचं भरायचा मोह होतो बरं का! ‘माहीत नाही’ असं लिही. तेच खरं आहे आणि डॉक्टरला तेच उपयोगाचं आहे.

मुलालाही तेच उत्तर द्यावं लागतं कधीकधी. “माझी आधीची आई कुठे आहे?” असं विचारलं आणि कागदात काही नसेल, तर मला माहीत नाही म्हणावं. ती वारली म्हणू नये, गरिबीने सोडलं म्हणू नये. फाइलमध्ये असेल तेवढंच, वयाला झेपेल तेवढं. पुढे अठरा वर्षांचं झालं की मूल स्वतः आपल्या मुळाची चौकशी कायद्याने करू शकतं, त्याआधी आपण बरोबर असलो तर. त्याच्यासाठी तिसऱ्याच कुणी जाऊन चौकशी करायला मात्र परवानगी नाही. त्या चौकशीच्या वेळी तू त्याच्या बाजूला उभी असावीस, एवढ्यासाठी आज खरं बोलायचं.

आणि ते एक वाक्य घराच्या उंबऱ्याबाहेरच अडव, “नशीब काढलं हो पोरीने!” चांगल्या मनाने बोलतात, पण तिच्यासमोर नको. मग तिने आयुष्यभर आभारी राहायचं का? साधी आदळआपट करायची तरी सोय उरते का तिला? लोक लिसा स्थळेकरचं उदाहरण देतील. पुण्यात जन्मली, ‘श्रीवत्स’ अनाथालयातून दत्तक गेली, ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली, २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकली. तिचं कौतुक आहेच, पण दत्तक मुलाने काहीतरी अचाट करून दाखवलं तरच ते सार्थकी लागलं, असं कोण म्हणतं? आमची गणितात कच्ची आहे आणि दार आपटते. चालतंय की.

आता तुझ्याबद्दल. हे कुणी बोलत नाही म्हणून सांगते. तुला पहिल्या दिवशी मायेचा उमाळा येईलच असं नाही. मला पहिले काही आठवडे ती माझ्या घरी राहायला आलेली कुणाची तरी मुलगी वाटायची. मी सगळं करत होते, वेळच्या वेळी, नीट. आत मात्र शांत. रात्री बाथरूमचा नळ सोडून रडायची. बाळंतिणीला जसं होतं तसं दत्तक आईलाही होतं, आणि तिला तर कुणी डिंकाचे लाडूही आणून देत नाही. असं झालं तर डॉक्टरांना सांग, मला सांग. माया करण्यातून येते बहुतेक वेळा, कधी आली ते कळतही नाही. आणि रजा पूर्ण घे. १२ आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा जो कायदा आहे त्यात दत्तकही बसतं. तुमच्या दोघांच्या ऑफिसला तो लागू आहे का ते आधी विचारून ठेवा. “मूल मोठं आहे, डे-केअरला जाईल” असल्या हिशेबात पडू नका.

कागदपत्रांना तू कंटाळलीस म्हणालीस. कंटाळा येतोच, पण ते का आले ते ऐक. पूर्वी आपल्याकडून मुलं परदेशी जायची त्यात इतके गैरप्रकार होते, की १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, त्यातून पुढे १९९० मध्ये कारा आली. २००३ मध्ये भारताने हेग करार स्वीकारला. तरी सगळं स्वच्छ झालं असं नाही. दक्षिण कोरियाच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडून परदेशी गेलेल्या मुलांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या होत्या. आईबाप जिवंत असताना अनाथ लिहिलेलं. चीनने तर २०२४ मध्ये परक्यांना मुलं देणंच थांबवलं. तेव्हा तुझ्या मामेसासऱ्यांनी सुचवलंय ना, “गावाकडे ओळखीची एक बाई आहे, तिचं बाळ परस्पर मिळेल”, त्यांना हात जोडून नको म्हण. तसलं मूल इथे आणायला व्हिसा मिळणार नाही, आणि त्या बाईवर काय दबाव आला असेल देव जाणे. बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करणाऱ्या आईलाही कायदा ६० दिवस फेरविचाराला देतो. परस्पर व्यवहारात तिला तेही मिळत नाही. पैशाचंही तसंच. परदेशी दत्तकासाठी संस्थेला द्यायचे ५००० डॉलर नियमात ठरलेले आहेत. त्यावर कुणी ‘देणगी’ म्हणून काही मागितलं तर सरळ एजन्सीला आणि काराला कळव.

दत्तकाचा हुकूम आता जिल्हाधिकारी देतात, पूर्वी कोर्ट द्यायचं. तो झाला, काराचं प्रमाणपत्र आलं, मुलाचा पासपोर्ट निघाला, की व्हिसावर आयएच-३ आहे ना ते बघ. त्या व्हिसावर आलेलं मूल इथे पाय ठेवताच नागरिक होतं आणि नागरिकत्वाचा दाखला टपालाने घरी येतो. तो येईपर्यंत स्वस्थ बसू नकोस, आणि आला की बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. मुंबईतून लहानपणी इथे दत्तक आलेल्या एका बाईचे कागद कुणी पुरे केलेच नव्हते. तिला मोठेपणी, २००८ मध्ये, मुंबईला परत धाडलं. ना भाषा, ना माणसं. इथे वाढलेली तिची मुलं इथेच राहिली.

पुढची दोन वर्षं अहवाल द्यायचे आहेत, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. ते वेळेवर पाठवत जा. आपण चुकारपणा केला की तिकडे पुढच्या जोडप्यांकडे संशयाने बघतात. शाळा सुरू झाली की दर ऑगस्टमध्ये शिक्षिकेला भेटून ये. वंशवृक्ष काढा, तान्हेपणीचा फोटो आणा, असले प्रकल्प येतातच. आधी सांगितलं तर बहुतेक जणी बदलून देतात. आमच्या लेकीने मात्र स्वतःच दोन मुळांचं झाड काढलं होतं, त्यातलं एक मूळ तिने रंगवलंच नाही.

तर राणी, मुलाचं रेफरल आलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन कर, फाइल आपण तिघं मिळून वाचू. तोपर्यंत एक कर. तुमच्या दोन्हीकडच्या माणसांना आत्ताच सांगून टाका, की मूल दत्तक आहे हे आमच्या घरात गुपित राहणार नाही. आणि सासूबाईंशी तुझ्या नवऱ्याने बोलायचं, तू नाही.